सहदेवाची पोथी

विराटाच्या दाराशी पांडव एकेक करून वेश बदलून आले, तेव्हा नकुलाने पागा मागून घेतली आणि सहदेवाने गोठा. नकुल झाला ग्रंथिक, सहदेव झाला तंतिपाल. दोघे माद्रीचे, दोघे जुळे, दोघांचे वडील अश्विनीकुमार, म्हणजे देवांचे वैद्य. नकुल म्हणाला, घोड्यांचा स्वभाव, त्यांना वळण लावणं आणि त्यांची संपूर्ण चिकित्सा मला येते. सहदेव म्हणाला, माझ्या देखरेखीखाली गाई झपाट्याने वाढतात, त्यांना रोग शिवत नाही. एका कुशीतून आलेल्या या दोन विद्यांचं पुढे जे झालं, त्याचा शोक मला करायचा आहे.

नकुलाच्या नावाने चालत आलेली ‘अश्वचिकित्सा’ कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने १८८० च्या दशकात जयदत्त सूरीच्या ‘अश्ववैद्यका’सोबत छापली. तंजावरच्या सरस्वती महालात अश्वशास्त्राच्या आणि गजशास्त्राच्या सचित्र पोथ्या आहेत. आपल्या मराठी राजांनी त्या जपल्या. घोड्यांच्या वैद्यकाचा आद्य आचार्य मानलेल्या शालिहोत्राचं नाव उत्तरेत इतकं मुरलं की जुनी माणसं अजून ढोरांच्या डॉक्टरला सलोतरी म्हणतात. शाहजहानच्या काळात हे घोड्यांचं शास्त्र फारसीत गेलं आणि १७८८ साली कलकत्त्यात इंग्रजीत उतरलं. एवढा प्रवास नकुलाच्या विद्येने केला. सहदेवाच्या नावाचं गोवैद्यक होतं, असं परंपरा सांगते. सांगते एवढंच.

जबलपूरहून कटनीच्या रस्त्याने पंधरा-सोळा किलोमीटर आलं की पनागर लागतं. गहू, धान आणि हिवाळ्यात मटार, मैलोगणती मटार. जवळून परियट नदी जाते. तिच्या काठाकाठाने म्हशींच्या डेअऱ्या उभ्या राहिल्या, जबलपूर शहराचं दूध तिथून निघतं आणि शेणामुताचा लोंढा नदीत उतरतो. प्रकरण हरित लवादापर्यंत गेलं. याच परियटमध्ये मगरी आहेत. भोसल्यांचा अंमल १८१७ पर्यंत इथे होता, त्यामुळे मराठी घरं या मुलखाला नवी नाहीत. त्यांतल्याच एका घरात बसून मी जुन्या पशुवैद्यक वाङ्मयाचा माग काढतो. राजांच्या पागा आणि हत्तीखाने इथून लांब आहेत. इथे म्हशीचं राज्य आहे, आणि म्हशीच्या शेजारी बसून ते सगळे ग्रंथ वाचले की त्यांत काय नाही हे फार ठळक दिसतं.

आधी त्यांत काय आहे ते सांगतो, कारण ते थोर आहे. पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९४ साली पालकाप्याचा ‘हस्त्यायुर्वेद’ छापला. महादेव चिमणाजी आपट्यांनी उभी केलेली ही संस्था. तिच्या ग्रंथावळीत उपनिषदं आहेत, भाष्यं आहेत, पुराणं आहेत आणि या सगळ्यांच्या मांडीला मांडी लावून हत्तीच्या दुखण्यांचा हा अवाढव्य ग्रंथ बसलेला आहे. माझ्या हाती आलेल्या प्रतीची कडा तपकिरी झालेली, कागद इतका ठिसूळ की पान उलटताना कोपऱ्याचा चुरा बोटाला लागतो. मधली पुष्कळ पानं जोडलेलीच होती, छापखान्यातून आली तशी. म्हणजे शंभरावर वर्षं त्या पानांवरच्या हत्तींना कुणी वाचलेलं नव्हतं. फुटपट्टीची कड घालून मी ती मोकळी केली. महारोगस्थान, क्षुद्ररोगस्थान, शल्यस्थान, उत्तरस्थान, असे चार विभाग. ताप, डोळे, पाय, दात, जखमा, बाण रुतलेले, विष पोटात गेलेलं, माजावर आलेला हत्ती, खचलेला हत्ती.

या ग्रंथाची जन्मकथा मी कितीदा वाचली तरी माझं मन भरत नाही. अंगदेशाच्या चंपानगरीत रोमपाद राजा होता. रानहत्ती पिकं तुडवत म्हणून त्याने हत्ती धरून आणवले आणि खुंटांना बांधले. त्या कळपात एक माणूस राहत असे, हत्तिणीच्या पोटी जन्मला असं लोक सांगत. कळप कुठे गेला म्हणून शोधत शोधत तो चंपेला आला. दोरखंडांनी काचलेले पाय त्याने पाहिले, अंकुशाच्या जखमा पाहिल्या. कुणाशी एक शब्द न बोलता तो पाला वाटायला आणि जखमांना लावायला बसला. राजाला वर्दी गेली. राजा आला, विचारू लागला, तो बोलेना. पुष्कळ विनवणीनंतर तो बोलला आणि त्याचं बोलणं म्हणजेच हा ग्रंथ. पशुवैद्यकाचा आरंभ असा धरलेल्या जनावराच्या जखमेपाशी झाला, आणि ज्याने ती जखम केली त्यालाच ते शास्त्र सांगावं लागलं. पालकाप्याचं दुःख मला श्लोकाश्लोकात ऐकू येतं. औषधांची मापं सांगतानासुद्धा तो रानातलं खाणं, रानातलं पाणी, चिखलात लोळणं यांकडे परत परत वळतो. हत्तीला काय झालं आहे, हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.

तरीही हा ग्रंथ टिकला तो राजाला हत्ती हवा होता म्हणून. घोड्याचे ग्रंथ टिकले ते स्वारीला घोडा लागे म्हणून. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त अश्वाध्यक्ष आहे, हस्त्यध्यक्ष आहे, गोध्यक्षही आहे, आणि वैद्याच्या चुकीने घोड्याचा रोग बळावला तर उपचाराच्या खर्चाच्या दुप्पट दंड त्याला भरावा लागे. जिथे दंड आहे तिथे नोंद आहे, जिथे नोंद आहे तिथे पोथी तयार होते. कल्याणीच्या चालुक्यांच्या सोमेश्वराने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ लिहिला. त्यातही हत्ती आणि घोडे भरभरून आहेत. महाराष्ट्रातल्या बाया कांडताना ओव्या म्हणतात, हेसुद्धा त्या राजाच्या कानावर गेलं होतं. कांडायचं ते धान्य पिकवणारा बैल मात्र त्याच्या ग्रंथाच्या कडेलाच राहिला.

पंचतंत्रातली एक गोष्ट या संदर्भात मला छळते. राजवाड्यातला एक मेंढा मुदपाकखान्यात तोंड घाली. आचाऱ्याने जळकं लाकूड फेकून मारलं, लोकर पेटली, मेंढा धावत शेजारच्या पागेत शिरला, गवत पेटलं, घोडे भाजले. वैद्य आले आणि त्यांनी शालिहोत्राचा दाखला दिला: भाजलेल्या घोड्यांना माकडाची चरबी. राजवाड्यातली सगळी माकडं त्या दिवशी मारली गेली. गोष्ट सांगणाऱ्याला त्यातून नीती शिकवायची आहे. मला त्यात शास्त्राची एक खरी कड दिसते. कुणाची जखम पोथीत गेली आणि कुणाची चरबी, हे ज्याच्या दारात पोथी लिहिली गेली तो ठरवत होता.

अग्निपुराणात गवायुर्वेदाचा एक अध्याय आहे, तो शोधून काढला तेव्हा मला फार आनंद झाला होता. घोड्यांविषयी शालिहोत्र, हत्तींविषयी पालकाप्य आणि मग धन्वंतरी गाईविषयी सांगतो. पण आरंभी श्लोकामागून श्लोक गाईच्या पावित्र्याचे येतात, पंचगव्याचे येतात. माणसाला गाईपासून काय मिळतं हे सगळं सांगून झाल्यावर मग गाईला काय द्यावं त्याकडे धन्वंतरी येतो. शिंगाच्या रोगाला सुंठ, बला, जटामांसी घालून सिद्ध केलेलं तेल, त्यात सैंधव आणि मध. कानाच्या दुखण्याला काही, दाताच्या दुखण्याला काही. मूठभर उपाय आणि अध्याय संपतो. जिला आई म्हटलं तिच्या दुखण्यांना एवढीच जागा. पूजा झाली की तपासणी झाल्यासारखी वाटते, हा आपला जुना दोष आहे आणि मी तो मोठ्याने बोलून दाखवणार आहे.

म्हशीला तर पूजाही नाही. पैठणला ज्ञानोबांनी रेड्याच्या मुखातून वेद वदवले, आणि जुन्नर तालुक्यातल्या आळे गावी त्या रेड्याची समाधी आहे. दर्शनाला लोक जातात, मीही गेलो आहे. रेड्याच्या मुखी वेद आले, त्याच्यासाठी एक पोथी आली नाही.

असं सगळीकडेच होतं असं समजायचं कारण नाही. फ्लिंडर्स पेट्रीला १८८९ साली इजिप्तमध्ये लाहून इथे पपायरसचे तुकडे मिळाले, सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीचे. त्यांतला एक पशुवैद्यकाचा आहे आणि त्यात बैल आहे. त्याला एका कुशीवर निजवावं, अंगावर गार पाणी शिंपडावं, डोळे आणि अंग काकडी-भोपळ्यासारख्या फळांनी चोळावं, असं तो वैद्य सांगतो. मी पाहिलं तर असं करीन, अशा घाटाची त्याची वाक्यं आहेत. नाईलच्या काठी कुणीतरी एका बैलाच्या ओल्या डोळ्यांकडे पाहिलं आणि ते लिहून ठेवलं. इतक्या दुरून तो माणूस मला सख्ख्या नात्यातला वाटतो. आपल्याकडेही अशोकाने शिळांवर माणसांच्या चिकित्सेच्या बरोबरीने पशूंची चिकित्सा कोरवली आणि एका स्तंभलेखात ठरावीक दिवशी बैलांना खच्ची करायला, डागायला मनाई केली. याच कटनी रस्त्याने सिहोरा, स्लीमनाबाद करत गेलं की पुढे रूपनाथला त्याचा एक छोटा शिलालेख आहे. पशूंचा मजकूर त्यावर नाही, पण राजाचा शब्द या आपल्या वाटेपर्यंत पोचला होता. दगड राहिला, ती चिकित्सा करणारे हात राहिले नाहीत.

सहदेवा, मग तुझी विद्या गेली कुठे? मला वाटतं ती कधी लिहिलीच गेली नाही, कारण ती ज्यांच्याकडे होती त्यांना तिची नोंद कुणाला दाखवायची नव्हती. गुरं राखणाऱ्या अहिराला दंड करायला कुणी अध्यक्ष येत नव्हता. म्हैस मेली तर त्याचंच घर बसत होतं.

पनागरजवळच्या एका वस्तीत एक म्हातारे अहीर होते, सगळे त्यांना कक्का म्हणत, मीही म्हणू लागलो. ते मला मास्साब म्हणत, मी मास्तर कधी नव्हतो तरी. वही-पेन घेऊन पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी चहा पाजला आणि काहीही सांगितलं नाही. ढोर सामने ठाड़ो होय तो बताएँ, एवढंच म्हणाले. जनावर समोर उभं नसताना औषध सांगणं त्यांना थापा मारण्यासारखं वाटे. मी प्रश्नांची यादी करून नेई आणि तशीच परत आणी.

मग जानेवारीत एक दिवस मटारच्या तोडणीनंतर गाठ पडली. शेंगा मंडीत गेल्या होत्या आणि हिरवे वेल ढिगाने गोठ्यात आले होते. शेजारच्या गोठ्यातली म्हैस उपाशीपोटी त्या वेलांवर तुटून पडली आणि तासाभरात तिची डावी कूस फुगून पाठीच्या कण्याबरोबर आली. मान ताणलेली, जीभ बाहेर, श्वास तोंडाने. कक्का काठी टेकत आले. त्यांनी आधी तिच्या कपाळावर हात ठेवला, तिच्याशी काहीतरी बोलले, मग उजव्या हाताचा तळवा तिच्या डाव्या कुशीवर आणून एका जागी थांबवला. शेवटची फासळी, कमरेचं हाड आणि कण्याच्या बाजूची हाडं यांच्यामध्ये एक तिकोनी खोबण असते. फुगलेल्या जनावरात ती नाहीशी झालेली असते. दिसत नाही, आठवावी लागते. त्यांचा तळवा नेमका तिच्यावर होता. बोटांनी त्यांनी टिचकी मारली, नगारा वाजावा तसा आवाज आला. मुलाला म्हणाले, अळशीचं तेल आण. बाभळीची हातभर काठी तिच्या तोंडात आडवी घालून दोरीने शिंगांना बांधली, म्हणजे ती चघळत राहील, लाळ सुटेल, ढेकर मोकळी होईल. पुढचे पाय उंचवट्यावर राहतील अशी तिला उभी केली. तेल पाजलं. तेलाने आतला फेस मोडतो, हे मी नंतर पाठ्यपुस्तकात वाचलं. ते म्हणाले, भीतर को झाग बैठ जैहे. हीच गोष्ट, तेवढ्याच शब्दांत.

जबलपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकलेल्या एका तरुण डॉक्टरने पुढे मला पुस्तकातली आकृती दाखवली. श्वास कोंडून जनावर जायला लागलं तर नळीची सुई कुठे खुपसायची, त्याची जागा त्रिकोण काढून दाखवलेली होती. ती कक्कांच्या तळव्याची जागा होती. त्या आकृतीवर मी माझा तळवा ठेवून पाहिला.

म्हैस वाचली. त्या संध्याकाळनंतर कक्का बोलू लागले, पण नेहमी गोठ्यात, कुठल्यातरी पाठीवर हात ठेवून. नाकपुडी ओली आहे का बघा. रवंथ करते का बघा, करत असेल तर घाई नाही. व्यायल्यावर कान गार लागले आणि मान कुशीकडे वळवून बसली तर रात्र पडायची वाट पाहू नका, डॉक्टरला बोलवा. डॉक्टरांविषयी त्यांच्या मनात जराही अढी नव्हती. त्यांच्या तरुणपणी बुळकांडीने, त्यांच्या बोलीत मातेने, अख्खे गोठे रिकामे झालेले त्यांनी पाहिले होते, आणि सुईने ती माता गेली हेही पाहिलं होतं. देशातला तिचा शेवटचा रुग्ण १९९५ साली सापडला, २०११ साली ती जगातून गेल्याचं जाहीर झालं. माणसाच्या देवीनंतर एवढं भाग्य दुसऱ्या कुठल्या रोगाच्या वाट्याला आलेलं नाही. मी त्यांना ही बातमी सांगितली तेव्हा त्यांनी हात जोडले.

त्या विजयाची कथा आपल्या पुण्याशी जोडलेली आहे, म्हणून थोडी सांगतो. गुरांच्या साथींनी शेतसाराच बुडू लागला तेव्हा सरकारने हॅलन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला आणि त्याचा अहवाल १८७१ मध्ये आला. त्याआधी गोऱ्या पशुवैद्यांचं लक्ष घोड्यावर होतं. नकुलाचीच परंपरा, गणवेश तेवढा बदललेला. १८८९ साली पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात साम्राज्याची जंतुशास्त्र प्रयोगशाळा उघडली, आल्फ्रेड लिंगार्ड तिचे प्रमुख. ती १८९३ मध्ये हिमालयात मुक्तेश्वरला गेली. तिथे डोंगरी बैलांच्या रक्तातून सीरम काढलं जाई, १९२० च्या दशकात एडवर्ड्स यांनी रोगाचा विषाणू बकऱ्यांच्या अंगातून पुन्हा पुन्हा नेऊन त्याची धार कमी केली. ज्या बैलांना शिरा उघडून उभं केलं आणि ज्या बकऱ्या एकीमागून एक त्या तापात घातल्या, त्यांची नावं कुठल्या ग्रंथाच्या अर्पणपत्रिकेत नाहीत. बुळकांडी गेली ती त्यांच्या अंगावरून चालत गेली.

मुंबईला परळच्या बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालयात १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. त्याचे पहिले प्राचार्य जॉन हेन्री स्टील. या माणसाविषयी मला आदराखेरीज काही वाटत नाही. बैलाच्या रोगांवर त्यांनी ग्रंथ लिहिला, हत्तीच्या रोगांवर लिहिला, उंटाच्या रोगांवर लिहिला. ज्यांना डॉक्टर मिळत नव्हता अशा ओझ्याच्या जनावरांपाशी ते एकेक करून गेले. फ्रेडरिक स्मिथ या तरुण लष्करी पशुवैद्यासोबत त्यांनी भारतात पशुवैद्यकाचं एक त्रैमासिकही चालवलं. १८९१ मध्ये स्टील ऐन उमेदीत गेले. स्मिथ पुढे मेजर जनरल झाले, सर झाले आणि निवृत्तीनंतर त्यांनी पशुवैद्यक वाङ्मयाचा आरंभापासूनचा इतिहास लिहायला घेतला. पहिला खंड १९१९ साली निघाला, शेवटचे दोन त्यांच्या मृत्यूनंतर. ग्रीक, रोमन, बायझंटाइन, मग ब्रिटनमधले घोड्यांचे नालबंद आणि त्यांची पुस्तकं. असा चिकाटीचा शोध मी दुसरा पाहिलेला नाही, आणि आज या विषयात कुणीही शिरला तरी त्यांच्याच वाटेने शिरतो. पण लिहिलेल्या पानांचाच तो इतिहास आहे. जे पान कधी लिहिलं गेलं नाही त्याचा इतिहास करायला ज्याच्या तोंडी ते पान होतं त्याच्या गोठ्यात जावं लागतं, आणि तो जिवंत असताना जावं लागतं.

आपल्या भाषेत बैलाची बाजू घेऊन कुणी लिहिलं असेल तर ते ज्योतीराव फुल्यांनी. १८८३ मधला ‘शेतकऱ्याचा असूड’ हा मला पशुवैद्यकाच्याही इतिहासातला ग्रंथ वाटतो. जंगलखात्याने गायरानं बंद केली, जनावरांना चरायला जागा उरली नाही, गोऱ्या शिपायांच्या मुदपाकखान्यात धडधाकट बैल गेले, हे त्यांनी हिशेबाने मांडलं. बैलाला औषध देण्याआधी चारा द्या, असं म्हणणारा वैद्य मला इतर कुठल्या पोथीत एवढा संतापलेला आढळला नाही.

आणि बाकीचं सारं सणात लपलं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळण असते. गरम पाण्याने बैलाचे खांदे शेकायचे, हळद कालवलेलं लोणी किंवा तेल चोळायचं, उद्या जेवायला या म्हणून आवतण द्यायचं. पावसाळ्याची औतं ओढून जुवाखाली सुजलेल्या, सोललेल्या खांद्यांना वर्षातून एकदा शेक, हळद, मालिश आणि लगोलग विश्रांतीचा दिवस. लिहिता न येणाऱ्यांनी ही चिकित्सा पंचांगात बसवून ठेवली, विसरू नये म्हणून. आमच्या जबलपूरच्या घरांत आता मातीचे बैल आणतात आणि त्यांच्या खांद्यांना हळद लावतात. आजी लावायची तेव्हा अंगठा जुवाच्या जागेवर दाबून फिरवायची. मातीच्या बैलाला तेवढ्या जोराची गरज नव्हती. तिच्या अंगठ्याला तेवढीच ओढ माहीत होती.

जबलपूरचं महाविद्यालय १९४८ चं. तेव्हा हा मुलूख आणि विदर्भ एकाच प्रांतात, मध्यप्रांत-वऱ्हाडात होते आणि राजधानी नागपूर. नागपूरला स्वतःचं महाविद्यालय १९५८ मध्ये निघालं. तोवर त्या प्रांतातल्या मराठी मुलाला गुरांचा डॉक्टर व्हायचं तर आमच्या जबलपूरची वाट होती. २००९ मध्ये इथे विद्यापीठ झालं, त्याला हिंगोली जिल्ह्यातल्या कडोळीत जन्मलेल्या नानाजी देशमुखांचं नाव आहे. तिथल्या मुलींना मी परियटच्या काठावर रबरी बूट घालून शेणात उतरताना पाहतो आणि मला भरून येतं. राजाच्या घोड्यासाठी जन्मलेलं शास्त्र अखेर म्हशीपाशी आलं, त्याला एवढी शतकं लागली. पण ते आलं तेव्हा म्हैसच बदललेली होती. साखळीला बांधलेली, रानात न जाणारी, चिखलात न लोळणारी. तिचं पारडू नर असेल तर त्याचे दिवस भरलेले. दूध उतरावं म्हणून चोरून टोचलेली सुई. पालकाप्याने चंपेच्या खुंटाला जे पाहिलं ते इथे काँक्रीटच्या ओट्यावर पाहायला मिळतं. कक्कांना या डेअऱ्यांत नेलं तर ते दारातूनच फिरत. आतल्या म्हशी हाक मारली तर कान वळवत नाहीत, म्हणत. जे जनावर कान वळवत नाही त्याला औषध कसं विचारायचं?

कक्का मागल्या पावसाळ्यात गेले. मुलगा शहरात टेम्पो चालवतो, म्हशी विकल्या गेल्या. त्यांच्याकडून ऐकलेलं माझ्या वहीत आहे ते फार थोडं आहे. कित्येक झाडपाल्याची नावं त्यांच्या बोलीत आहेत. ती झुडपं ते बांधावरून उपटून हातात ठेवत, म्हणत, वास घ्या, ओळख पटेल. वास कागदावर उतरला नाही. वैद्य जाण्याचा शोक एकाचा असतो. इथे एक अख्खा ग्रंथ गेला, आणि त्याची दुसरी प्रत कुठल्या मठात, कुठल्या महालात, कुणाच्या माळ्यावर सापडण्याची आशा नाही. सहदेवा, तुझ्या भावाच्या पोथीला चित्रं काढणारे मिळाले. तुझ्या पोथीला ऐकणारा एक मी मिळालो, आणि मी उशिरा आलो.

जेवढं आहे तेवढं आता नीट उतरवून काढतो आहे. पहिल्या पानावर मटार घेतला, कारण पनागरच्या गोठ्यांत दर हिवाळ्यात तोच जीव घेतो. वेल त्याच दिवशीचे हिरवेगार घालू नयेत. आदल्या दिवशी आणून पसरावेत, मरगळू द्यावेत. दव असलेले तर मुळीच नाहीत. तोडून गव्हाच्या भुशात मिसळावेत, भुसा जास्त, वेल कमी. रात्रभर उपाशी राहिलेल्या जनावरापुढे सकाळी आधी कोरडा भुसा टाकावा, त्याची भूक मोडू द्यावी, आणि मग वेल. घातल्यावर घरात जाऊन बसू नये. तासभर तिथेच उभं राहून डावी कूस पाहत राहावी.